निशाणी डाव्या हाताचा अंगठा

सही या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला नक्कीच आहे. गेली बावीस वर्षं मी लोकांच्या सह्यांवर संशय घेण्याचाच पगार घेतो आहे. बँकेतला कारकून दुसरं करतो काय? चेकवरची सही बघायची, खातं उघडताना दिलेली नमुना सही बघायची, आणि दोन्ही एकाच माणसाच्या आहेत यावर होईल तितका उशिरा विश्वास ठेवायचा. पूर्वी नमुना सह्यांची कार्डं लाकडी खणात असायची, आता ती संगणकाच्या पडद्यावर येतात. संशय मात्र अजून स्वतःलाच घ्यावा लागतो.

अशा धंद्यातल्या माणसाला एका गोष्टीचं नवल वाटतं. आमच्याकडे घरकर्ज घेणारा माणूस एका बैठकीत इतक्या सह्या करतो की शेवटी त्याला स्वतःचं नाव अनोळखी वाटायला लागतं. पण त्या सह्यांपैकी एकही कुणी चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलेली नाही. उलट एखाद्या खेळाडूने धावत्या बसमध्ये चढता चढता बॅटवर ओढलेली रेघ लोक काचेच्या कपाटात ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात आणि मोलकरणीला त्या कपाटाजवळ फिरकू देत नाहीत. ती रेघ आमच्या काउंटरवर आली असती, तर ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून मी दोन मिनिटांत परत पाठवली असती.

हा छंद आजचा नाही. आपल्याकडच्या त्याच्या इतिहासातलं माझं लाडकं पान १९३३-३४ सालचं आहे. त्या हिवाळ्यात डग्लस जार्डिनचा एम.सी.सी. संघ हिंदुस्थानात आला होता. आपल्या भूमीवरची पहिली कसोटी मुंबईला जिमखान्यावर झाली आणि लाला अमरनाथने ११८ धावा केल्या, तोच हा दौरा. विजय मर्चंटची बहीण लक्ष्मी हिच्या वहीत त्या संघातल्या सोळा जणांच्या सह्या होत्या. पुढे ती वही घेऊन ती गांधीजींकडे सही मागायला गेली. गांधीजींनी पानं चाळली, कोरं पान काही पसंत केलं नाही, आणि एम.सी.सी.च्या यादीखाली सतरावा आकडा घालून आपलं नाव लिहून टाकलं. ज्या माणसाने साहेबाला ‘चालते व्हा’ म्हणायचं, तो साहेबाच्या संघात सतरावा गडी! जार्डिनला हे कळलं असतं तर त्याने त्यांना सीमारेषेवर उभं केलं असतं की थेट गोलंदाजीला लावलं असतं, हे सांगणं कठीण आहे.

गांधीजींच्या सहीची दुसरी गोष्ट बँकवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ते सहीचे पाच रुपये घेत आणि ती रक्कम हरिजन निधीत जमा करीत. म्हणजे हल्ली खेळाडू सहीचे पैसे घेतात म्हणून जी बोंब होते, तिला आपल्याकडे फार जुना आणि फार वजनदार आधार आहे. फरक इतकाच, की ते पाच रुपये कोणत्या खात्यात गेले हे सगळ्यांना माहीत होतं.

याच सुमाराला इंग्लंडात आणखी एक शोध लागला होता. बॅटवर खेळाडूची सही छापूनच विकायची. साइक्स कंपनीच्या बॅटीवर डॉन ब्रॅडमनची सही असे. ही कल्पना आमच्या नगरच्या गल्लीत पोचायला पन्नासएक वर्षं लागली, पण पोचली ती दणक्यात. आमच्या लहानपणी, म्हणजे १९८३चा विश्वचषक जिंकल्यानंतर, प्रत्येक वाड्यात एक तरी गावसकरच्या सहीची बॅट होती. आमच्या शेजारचा एक मुलगा ती सही गावसकरने स्वतः बसून केली आहे असं शपथेवर सांगायचा. दुसऱ्याच्या बॅटवरही तीच सही आहे, अगदी शेवटच्या वळणासकट, हे दाखवल्यावर तो म्हणाला, “मग? मोठ्या माणसांची सही सारखीच येते.” तो पुढे बँकेत लागला नाही हे बँकेचं नशीब. पण त्याचं म्हणणं अगदी टाकाऊ नव्हतं. दोन सह्या तंतोतंत जुळल्या की आमच्यातला मुरलेला अधिकारी खूश होत नाही, तो चष्मा पुसतो. जिवंत माणसाचा हात दोनदा सारखा चालत नाही. हुबेहूब जुळणारी सही बहुधा छापलेली तरी असते, नाहीतर गिरवलेली तरी.

गिरवण्याच्या कलेत अमेरिका आपल्या फार पुढे आहे. तिथे १९९०च्या दशकात खेळाडूंच्या सह्यांचा बाजार इतका फुगला की एफबीआयला, म्हणजे त्यांच्या केंद्रीय पोलिसांना, ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढावी लागली. खोट्या सह्या करणारी एक टोळीच्या टोळी सापडली. जप्त झालेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल होते! कोलकात्यातली रुग्णसेवा आटोपून माउली संध्याकाळी बेसबॉलवर सह्या करायला बसायची असं गिऱ्हाइकाला वाटलं असेल, तर त्या गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला माझा नमस्कार. तेव्हापासून अस्सल मालाला प्रमाणपत्र आणि चकाकणारं स्टिकर जोडायची पद्धत पडली. सही खरी असल्याच्या प्रमाणपत्रावरही कुणाची तरी सही असतेच. ती खरी कशावरून, हा प्रश्न मी विचारणार होतो, पण मला नोकरी करायची आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. ऑक्टोबर २०२४पासून त्याचं नाव सरकारी कागदावर अहिल्यानगर झालं. दोन्ही नावांत ‘नगर’ शिल्लक राहिल्यामुळे आमच्यासारख्या आळशी माणसांची जीभ वाचली. तर या नगर जिल्ह्यात सह्या देण्याजोगी माणसं निपजत नाहीत असा पुण्या-मुंबईकडे समज आहे. मी तीन वर्षं श्रीरामपूरच्या शाखेत काढली आहेत. श्रीरामपूर म्हणजे झहीर खानचं गाव. जन्म १९७८, कसोटीतले बळी ३११, २०११च्या विश्वचषकात २१. त्या गावात मला असा एकही समवयस्क भेटला नाही, जो झहीरच्या वर्गात नव्हता. एवढे सगळे एका वर्गात बसत असतील तर त्या मुलाला मैदानावरच राहणं भाग पडलं असणार. यांच्यापैकी प्रत्येकाकडे त्याची शाळेतली सही होती आणि प्रत्येकाची ती घर बदलताना हरवली होती.

दुसरा अजिंक्य रहाणे. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा जन्म, वाढला डोंबिवलीत. मुंबईवाले त्याला मुंबईचा म्हणतात, पण जन्मदाखला आमचा आहे. खेळातल्या सहीची मला माहीत असलेली सर्वांत देखणी गोष्ट त्याच्याच नावावर आहे. १९ जानेवारी २०२१, ब्रिस्बेन. मालिकेच्या आरंभी ॲडलेडला आपण ३६ धावांत गारद झालो होतो, कोहली घरी परतला होता, निम्मा संघ जायबंदी होता. रहाणेने मेलबर्नला ११२ धावा काढून सामना जिंकून दिला, आणि शेवटी गाबाच्या मैदानावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८पासून कसोटी हरली नव्हती, तिथे ३२८ धावांचा पाठलाग करून आपण मालिका खिशात घातली. बक्षीस समारंभाला विजयी कर्णधार म्हणून आमचा आश्वीचा माणूस पुढे गेला. चषक हातात घेण्याआधी त्याने नेथन लायनला पुढे बोलावलं आणि सगळ्या भारतीय खेळाडूंच्या सह्या असलेली एक जर्सी त्याच्या हातात दिली. लायनचा तो शंभरावा कसोटी सामना होता. बळी मात्र ३९९वर अडकले होते, शतकी सामन्यात एक बळी कमी पडला आणि वर हरला. त्या माणसाला त्या क्षणी कुणाच्या सह्या हव्या असतील असं मला वाटत नाही. पण एरवी सही मागणारा खाली उभा असतो आणि देणारा वर. इथे जिंकलेले लोक, न मागता, हरलेल्याला सह्या देत होते. अशा जर्सीला प्रमाणपत्राची काय गरज? सगळ्या जगाने टीव्हीवर साक्षीदार म्हणून पाहिलेलंच होतं.

साक्षीदार हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्याच्याकडे परत यायचं आहे, पण वाटेत पुणं लागतं. पुण्यात सहकारनगरला रोहन पाटे यांनी ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ नावाचं क्रिकेटचं संग्रहालय केलं आहे. २०१२ साली त्याचं उद्घाटन सचिन तेंडुलकरने केलं. तिथे जगभरच्या खेळाडूंच्या बॅटी आहेत, सह्यांसकट. २०२० साली करोनाच्या दिवसांत पाकिस्तानच्या अझर अलीने गरजूंच्या मदतीसाठी आपली एक बॅट लिलावात काढली, २०१६ साली दुबईला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ३०२ धावा केलेली. ती दहा लाख पाकिस्तानी रुपयांना या पुण्याच्या संग्रहालयाने घेतली. दोन देशांत माणसांना जायला-यायला व्हिसा मिळत नाही, क्रिकेट मालिका होत नाहीत, आणि लाहोरची बॅट सहकारनगरात राहायला येते, ही बातमी मी काउंटरवर दोनदा वाचली. लाइन वाढली तरी वाचली.

पण या सगळ्या इतिहासात एक खोट आहे. तो सही करता येणाऱ्यांचा इतिहास आहे. आमचा नगर जिल्हा मुळात तांबड्या मातीचा. फेब्रुवारी २०२५मध्ये वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली, पृथ्वीराज मोहोळने गदा घेतली, तेव्हा माझ्या भोवतालच्या हजारो लोकांच्या हातात फोन होते. वही मला एकाच्याही हातात दिसली नाही. कुस्तीने सह्यांचं शास्त्र कधी वाढवलंच नाही. पैलवानाने फेटा घ्यावा, नारळ घ्यावा, इनामाचे पैसे तालमीतल्या दुधात आणि बदामात विरघळवावेत, आणि पुढच्या जत्रेला निघावं. खाशाबा जाधवांचंच बघा. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी सात हजारांसाठी घर गहाण टाकलं होतं. आणि २०१७ साली, कुस्ती अकादमी उभी राहत नाही म्हणून, त्यांच्या मुलाला ते पदकच लिलावात काढण्याची भाषा करावी लागली. गहाणावर आलेलं पदक लिलावावर जायला निघालं, हा व्यवहार आमच्या कुठल्याही लेजरमध्ये बसत नाही.

माझे एक मामा होते. तलाठी होते, पारनेर आणि श्रीगोंदा तालुक्यांत त्यांची नोकरी झाली. त्यांना सह्या जमवण्याचा नाद. डिसेंबर १९८४मध्ये पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर भारत-इंग्लंडचा पहिला एकदिवसीय सामना झाला, वेंगसरकरने शतक काढलं आणि गॅटिंगने दुसरं शतक काढून सामना नेला, तेव्हा मामा यष्टीने जाऊन पाच सह्या घेऊन आले. त्यांतल्या कोणत्या कुणाच्या हे मामांनाही पुढे सांगता येत नसे. पण हे उत्तरकांड झालं. त्यांची खरी वही १९६०च्या दशकातली, जत्रांमधल्या कुस्त्यांच्या हगाम्यांची. शेवटची कुस्ती सुटली, हलगी थांबली की मामा गर्दीतून पुढे जायचे आणि जिंकलेल्या पैलवानाला म्हणायचे, “पैलवान, इथं सही.” पैलवान लाजायचा. मग मामा पिशवीतून सरकारी शाईचं पॅड काढायचे. दाखल्यांवर आणि जबाबांवर रोज अंगठे घेणाऱ्या माणसाला काय अवघड? वहीत अंगठा उमटायचा आणि खाली मामांच्या टपोऱ्या अक्षरात: ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’, पैलवानाचं नाव, गाव, वस्तादाचं नाव, किती मिनिटांत कोणत्या डावावर कुस्ती झाली ते, आणि शेवटी ‘माझ्या समक्ष’, तारीख, सही. अशी एकेचाळीस पानं.

मामा गेल्यावर माझ्या मामेभावांनी वह्या एका विक्रेत्याला दाखवल्या. मी बँकेतला म्हणून मलाही सोबत नेलं. त्याने १९८४च्या पाच सह्या भिंगाखाली धरल्या, प्रमाणपत्र नाही म्हणून नाक मुरडलं, तरी काहीतरी आकडा सांगितला. अंगठ्यांची वही त्याने दोन बोटांनी उघडली आणि म्हणाला, “हे काय सातबाराचं आहे का?” किंमत शून्य.

तेव्हा मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. मी त्याला नियम सांगितला. ज्याला सही करता येत नाही त्याचा अंगठा बँक घेते. आजारी, वृद्ध खातेदाराला हातही उचलवत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो. (फुटबॉलवाल्यांनी नोंद घ्यावी.) अट एकच, ओळखणारे दोन साक्षीदार पाहिजेत, त्यांतला एक जबाबदार अधिकारी. सही गिरवता येते, अंगठा गिरवता येत नाही. तुझ्या दुकानातल्या अर्ध्या मालाच्या वेळी कोण हजर होतं ते तुला ठाऊक नाही, आणि इथे एकेचाळीस ठशांखाली महसूल खात्याचा माणूस ‘समक्ष’ लिहून गेला आहे. तो म्हणाला, “साहेब, साक्षीदार एकच आहे.” आता याला काय सांगावं? दुसरा साक्षीदार म्हणजे ती सगळी जत्रा!

मामेभावांनी क्रिकेटच्या सह्या विकल्या आणि आलेल्या पैशांत मामांच्या वर्षश्राद्धाचं जेवण घातलं. ते मामांना आवडलं असतं. ही वही माझ्याकडे आली. कधी रविवारी मी ती काढून बसतो. गावं ओळखीची, पैलवान बहुतेक अनोळखी. त्यांतल्या कितीजणांची नावं दुसऱ्या कुठल्या कागदावर असतील कोण जाणे. एका पानावर दोन ठसे आहेत, कुस्ती बरोबरीत सुटली म्हणून दोघांचे. आणखी एका पानावर एकाच पैलवानाचा अंगठा दोनदा घेतलेला आहे. पहिला ठसा नुसता डाग, रेषाच नाहीत, दुसरा स्वच्छ. मधे मामांनी बारीक अक्षरात शेरा मारला आहे: ‘पहिल्या वेळी अंगठ्यास आखाड्याची माती होती, सबब पुन्हा घेतला.’ पहिला ठसा त्यांनी खोडलेला नाही. बोट फिरवलं तर तिथे अजून खरखरीत लागतं.