पिंगुळीच्या बाहुल्या आणि आत्मस्वीकाराचा प्रश्न

मराठीत एखाद्याला ‘कळसूत्री बाहुली’ म्हणणे हा त्याचा अपमान असतो. ज्याला स्वतःचे मत नाही, ज्याची हालचाल दुसऱ्याच्या बोटांवर ठरते, त्याच्यासाठी आपण हा शब्द राखून ठेवला आहे. अध्यात्माच्या भाषेतही बाहुलीला स्वत्व नाही. ज्ञानेश्वरीत सायखेड्याच्या बाहुलीचा दृष्टान्त येतो, तो जीवाच्या कर्तेपणाचा अभिमान गळून पडावा म्हणून. थोडक्यात, आपल्या भाषेने बाहुलीला ‘मी’ म्हणण्याची मुभा कधी दिली नाही.

याच्या नेमके उलट पाश्चात्त्य सचेतपटांत, म्हणजे ॲनिमेशनपटांत, घडलेले दिसते. तिथे खेळणी ‘मी’ म्हणतात, आणि गाऊन म्हणतात. नाकारलेली, बिघडलेली, घाटात न बसलेली खेळणी एकत्र येतात आणि आपण जसे आहोत तसे ठीक आहोत, या निष्कर्षाला पोहोचतात. या कथाबीजाचे सर्वांत गाजलेले रूप म्हणजे १९६४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेला ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ हा संगीत-बाहुलीपट. त्यातील बाहुल्यांचे चलच्चित्रण जपानमध्ये, तादाहितो मोचिनागा यांच्या चित्रशाळेत झाले होते. त्यात बिनकामाच्या खेळण्यांचे एक बेट आहे. चौकोनी चाकांची आगगाडी, अंगावर ठिपके असलेला हत्ती अशी खेळणी तिथे कुणीतरी आपल्याला घरी नेईल याची वाट पाहत राहतात. अलीकडचे उदाहरण २०१९ च्या ‘अग्लीडॉल्स’ या चित्रपटाचे. डेव्हिड होर्वाथ यांनी एका पत्राच्या तळाशी काढलेल्या वेड्यावाकड्या आकृतीवरून सन-मिन किम यांनी शिवलेली बाहुली हे त्या साऱ्या पसाऱ्याचे मूळ. कुरूपतेचा अभिमानाने स्वीकार हाच तिथला विषय आहे.

‘रुडॉल्फ’च्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या प्रक्षेपणात त्या बेटावरच्या खेळण्यांची सुटका दाखवलेली नव्हती. नायक त्यांना वचन देतो आणि कथा त्यांना विसरून जाते. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, तेव्हा १९६५ च्या प्रक्षेपणात सुटकेचा प्रसंग जोडण्यात आला. खुद्द नायकाचा स्वीकारही केव्हा होतो? त्याचे लाल नाक धुक्यात वाट दाखवण्याच्या कामी येते तेव्हा. म्हणजे या कथेत आत्मस्वीकाराचे गाणे असले, तरी प्रत्यक्ष व्यवहार उपयुक्ततेचा आहे. जगाला उपयोग सापडला की व्यंगाचे वैशिष्ट्य होते. मग उपयोग सापडलाच नाही तर? या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर मिळत नाही. ते शोधण्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको, सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावापर्यंत गेले तरी पुरे.

पिंगुळीतील ठाकर समाजाकडे परंपरेने अनेक लोककला आहेत. त्यांतील तीन आपल्या विषयाच्या अगदी जवळच्या आहेत : कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि चित्रकथी. चित्रकथीत हातकागदावर रंगवलेल्या सुट्या चित्रांचा एक संच असतो, त्याला पोथी म्हणतात. एका पोथीत एक आख्यान, बहुधा रामायण-महाभारतातले. कथेकरी एकेक चित्र समोर उभे धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने प्रसंग गातो, संवाद बोलतो आणि पुढचे चित्र पुढे आणतो. छायाखेळात पांढरा पडदा, त्यामागे दिवा आणि दिवा व पडदा यांच्यामध्ये चामड्याची आकृती. कळसूत्रीत लाकडी बाहुली आणि तिला पेलणारे दोरे. तिन्ही प्रकारांत एक सूत्र समान आहे : निर्जीव आकृतीला जीव येतो तो गाण्यातून. आधी चित्र आणि मग त्याला जोडलेले संगीत, असा क्रम इथे नाही. गाणे थांबले की चित्र कागद होते आणि बाहुली लाकूड.

चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांची परंपरा दक्षिणेत जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात चित्रकथकांचा उल्लेख सापडतो. पिंगुळीच्या परंपरेला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय मिळाला. नवरात्रात ठरावीक देवळांत ठरावीक घराण्यांनी खेळ करायचे, अशी वाटणी राजांनी करून दिली, असे ही मंडळी सांगतात. ही व्यवस्था समजून घेतली पाहिजे. देऊळ ठरलेले, दिवस ठरलेला, प्रेक्षक ठरलेला. कलावंताने स्वतःला सिद्ध करण्याचा प्रश्नच तिथे नव्हता. त्याची जागा गावगाड्याने नेमून दिलेली होती. ती जागा वरची नव्हती, पण ती त्याची होती.

सचेतपटाच्या इतिहासात या कलेचे स्थान काय, हा प्रश्न आपल्या अभ्यासकांनी क्वचितच विचारला आहे. लोटे रायनिगर या जर्मन कलावतीने १९२६ साली ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स आख्मेद’ हा चित्रपट कातरलेल्या छायाकृती एकेका चौकटीगणिक किंचित हलवून पूर्ण केला. आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा सचेतपट मानला जातो आणि त्याची जातकुळी सरळ छायाबाहुल्यांची आहे. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चौकटीने टिपली, ती दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले आणि १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यांना हलते केले. मराठी रंगभूमीचे नातेही बाहुल्यांशी आहेच. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ करणारे विष्णुदास भावे स्वतः बाहुल्या घडवण्यात निष्णात होते. त्यांच्या लाकडी बाहुल्या दीर्घकाळ पडून राहिल्या होत्या, त्यांची डागडुजी करून रामदास पाध्ये यांनी त्यांना पुन्हा प्रेक्षकांसमोर आणले. म्हणजे पौराणिक आख्यान, पद्ये आणि हलती आकृती हा संयोग आपल्याकडे उसना आलेला नाही. पिंगुळीत तर लिहिणे, रंगवणे, कोरणे, गाणे आणि हलवणे ही कामे, ज्यांच्यासाठी चित्रपटाला शेकडो माणसे लागतात, एकेका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या केली.

मग ही कला घाटाबाहेरची कशी ठरली? संस्थाने विलीन झाली आणि राजाश्रय संपला. चित्रपट आला, पुढे घराघरांत दूरचित्रवाणी आली. देवळातला ठरलेला प्रेक्षक हळूहळू दुसऱ्या पडद्याकडे वळला. परंतु केवळ करमणुकीची साधने बदलली म्हणून असे झाले, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. याच सिंधुदुर्गातील दशावतार त्याच काळात टिकला, इतकेच नव्हे तर जोमाने वाढला. फरक पडला तो प्रतिष्ठेमुळे. दारोदार फिरून खेळ करणे, मिळेल ते धान्य घेणे, याला बदलत्या काळाने एकच नाव दिले : भीक. कला तीच, कथा तीच. नाव बदलले आणि ज्याने ते नाव ऐकले त्याच्या मुलाला बापाच्या बाहुल्यांची लाज वाटू लागली. खेळण्याला ‘बिघडलेले’ ठरवायला त्यात प्रत्यक्ष बिघाड असावा लागत नाही.

या नाकारलेपणाला आणखी दोन पदर आहेत. पहिला नावाचा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या शैलीची चित्रे आहेत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी ती जमवली, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे. परंतु या धर्तीची चित्रे पैठणला मिळाल्यामुळे कलेतिहासात ‘पैठण शैली’ हे नाव रूढ झाले. ज्या गावात हीच चित्रे हातात धरून गायली जात होती, त्या गावाचे नाव अभ्यासात उशिराने आले. दुसरा पदर कागदपत्रांचा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकर आहेत. जमातींवरचे क्षेत्रबंधन १९७६ च्या कायद्याने उठवले, तरी ठाकर-ठाकूर दाखल्यांच्या वैधतेचे वाद पुढे वारंवार न्यायालयांपर्यंत गेले. डोंगरातला ठाकर कसा असावा याची एक प्रतिमा लोकांच्या मनात पक्की आहे. देवळात वीणा घेऊन रामायण गाणारा किनाऱ्याकडचा ठाकर त्या प्रतिमेत सहज बसत नाही. गावगाड्यात खालचा आणि प्रतिमेच्या मोजपट्टीवर पुरेसा आदिवासी नाही, अशा दुहेरी कात्रीत सापडलेल्या माणसाला आत्मस्वीकाराचे गाणे सुचणे सोपे नसते.

जवळच्या सावंतवाडीचे उदाहरण तुलनेसाठी घ्यावे. तिथल्या चितारी कारागिरांची रंगीत लाकडी खेळणी, लाखकामाची फळे आणि गंजिफाही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे पडली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० नंतरच्या काळात राजवाड्यातच काम सुरू करून गंजिफेला नवा जन्म दिला. खेळण्यांनाही प्रवाशांची बाजारपेठ मिळाली. ही मोठीच कामगिरी आहे. पण सावंतवाडीचे खेळणे ही वस्तू आहे. ती विकत घेऊन पिशवीत घालता येते, दिवाणखान्यात मांडता येते. पिंगुळीची बाहुली मांडून ठेवली की मुकी होते. तिला विकत घेणारा फक्त लाकूड घेऊन जातो, आवाज मागेच राहतो. बाजारपेठ वस्तूंना वाचवू शकते, प्रयोगाला वाचवण्यासाठी मात्र करणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाने आधी स्वतःला टाकाऊ समजणे सोडावे लागते.

परशुराम गंगावणे यांच्या कार्याचे मोल इथे आहे. आपल्या कुटुंबाकडे आलेल्या बाहुल्या आणि पोथ्या त्यांनी जपल्या, पुढच्या पिढीला शिकवल्या आणि २००६ मध्ये पिंगुळीतील आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले. त्याला नाव दिले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. ज्या ओळखीची कागदोपत्री उलटतपासणी होते आणि ज्या व्यवसायाला भीक म्हटले गेले, ती दोन्ही या माणसाने पाटीवर, रस्त्यावरून वाचता येईल अशी, एकत्र लिहिली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वृत्तपत्रांनी साहजिकच पुरस्काराची बातमी केली. इतिहासाच्या दृष्टीने मात्र या दोन सनांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गोठ्याचे संग्रहालय, आणि पंधरा वर्षांनी सरकारी मान्यता. ‘रुडॉल्फ’मध्ये क्रम उलटा आहे. तिथे आधी धुके पडते, नाकाचा उपयोग कळतो आणि मग कळप त्याला जवळ करतो. पिंगुळीत धुके पडण्याची वाट कुणी पाहिली नाही.

यावरून आत्मस्वीकार या शब्दाचा थोडा वेगळा अर्थ लावता येईल. सचेतपटांतली खेळणी आरशात पाहून स्वतःला स्वीकारतात. ती मनातली घटना आहे, एका गाण्यात पूर्ण होणारी. पिंगुळीतील आत्मस्वीकार हे रोजचे काम आहे. फाटलेल्या चित्राची नवी नक्कल करणे, मुलाला हुडूक शिकवणे, आलेल्या चार प्रेक्षकांसाठी पडदा बांधणे, हे त्याचे स्वरूप. मुख्य म्हणजे तो एकट्याने करता येत नाही. गाणाऱ्याला ऐकणारा लागतो. म्हणून, ‘तू आहेस तसा स्वतःला स्वीकार’ असा उपदेश नाकारलेल्याला करून समाजाला मोकळे होता येत नाही. १९६५ चा तो जोडलेला प्रसंग प्रेक्षकांनी मागितला म्हणूनच आला, हेही विसरू नये.

साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांचा यात वाटा काय? आपल्या अभ्यासक्रमांत लोकसाहित्य असते. त्यात चित्रकथीची व्याख्याही असते. पण पिंगुळीची आख्याने मराठी संहिता म्हणून आपण वाचत नाही. कथेकऱ्याच्या तोंडचे मालवणी वळणाचे संवाद, ओवी आणि गद्य यांची सरमिसळ, रामकथेत त्याने स्वतः घातलेली भर, हे सारे पाठभेदांइतक्या गांभीर्याने तपासण्यासारखे आहे. परदेशी अभ्यासकांनी हे केले आहे. व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन यांचा पिंगुळी चित्रांतील कथनावरचा निबंध १९८४ मध्ये ‘आर्टिबस एशिए’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठी विभागांना ही वाट त्याहून जवळची आहे. चित्रे संग्रहालयात सुरक्षित राहतील, बाहुल्या काचेच्या कपाटात राहतील. गायलेला शब्द मात्र गाणाऱ्याबरोबर जातो.

कळसूत्री बाहुलीला स्वत्व नसते, ही आपल्या भाषेची समजूत पिंगुळीपुरती तरी सुधारून घ्यायला हरकत नाही. बाहुलीला दोरा असतो हे खरे. पण दोरा दोन्ही टोकांना बांधलेला असतो. बाहुली उभी राहावी म्हणून तो हातात धरणाऱ्यालाही ताठ उभे राहावे लागते.