सावलीचं वय

झरी जामणीत आता नगरपंचायत आहे. गावाचं नगर झालं की प्रभाग पडतात, आणि रस्त्याकडेला झाडं लावायचं कामही नगराकडे येतं. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अलीकडच्या या मुलखात झाडांची वाण कधी नव्हती. मोह, पळस, साग हे गोंड-कोलामांच्या रोजच्या ओळखीचे, आणि वडा-पिंपळाभोवती पार बांधणं हेही जुनंच. पण ठरावीक अंतरावर, ओळीनं, सरकारी खर्चानं झाड लावायची रीत वेगळ्या कुळातली. ती हमरस्त्यांवरून चालत गावात आली.

आपल्याकडचा तिचा जुना लेखी पुरावा सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात मिळतो, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावले, आमराया केल्या, आठ-आठ कोसांवर विहिरी खोदल्या, असं त्यात नोंदलंय. झाड आणि पाणी ही दोन्ही कामं एकाच हुकमातली. सोळाव्या शतकात शेरशहा सूरीनं रस्ते बांधले, तेव्हा सराया आणि दुतर्फा झाडं बरोबरच आली.

मराठी राज्यात या विचाराला हिशेबाचं वळण मिळालं. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ 1715 च्या सुमाराचं. आरमाराला लाकूड लागतं, तरी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. जीर्ण झाड तोडायचंच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावं, असं अमात्य सांगतात. झाडाची किंमत लाकडावर नाही, त्याला वाढायला लागलेल्या वर्षांवर ठरते, हे इथं राज्यकारभाराच्या भाषेत आलं.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. यवतमाळ जिल्ह्याला आधी वणीचं नाव होतं. ते 1905 मध्ये बदललं. कापसाच्या वाहतुकीसाठी पक्के रस्ते हवे होते, आणि रस्ता आला की बांधकाम खात्याची झाडंही आली. खोडावर चुना-गेरूचे पट्टे, झाडांची दप्तरी नोंद, चिंचा-आंब्यांच्या बहाराचा लिलाव: सावली आता जमाखर्चाच्या वहीत बसली.

शहरांनी मात्र घाई केली. चिंच मोठी व्हायला पिढी जाते. म्हणून नगरपालिकांना लवकर वाढणारी झाडं आवडू लागली. मादागास्करचा गुलमोहर आणि अमेरिकेतला पर्जन्यवृक्ष इथल्या रस्त्यांवर रुळले ते याच काळात. गुलमोहराची मुळं उथळ, फांद्या ठिसूळ. वादळात सगळ्यात आधी तोच मोडतो. वाचवलेल्या वर्षांची परतफेड अशी होते.

स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला आणि लावण्याचा उत्सव झाला. महाराष्ट्राच्या मोहिमेचं लक्ष्य 2016 मध्ये 2 कोटी रोपांचं होतं. 2019 पर्यंत ते 33 कोटींवर गेलं. दुसरीकडे शहरी भागांसाठी 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा होता. त्यानं वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना आणली. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांवरच्या झाडाला वारशाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची अट घातली. त्यांची सात वर्षं देखभालही करायची. अमात्यांचा हिशेब तीनशे वर्षांनी कायद्यात उतरला.

झरीच्या उन्हात हा हिशेब रोजचा आहे. जुलैत लावलेलं रोप पाऊस सांभाळतो. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपार गेल्यावर. आळ्यात पाणी, भोवती बाभळीच्या काट्या आणि शेळ्यांवर नजर, इतकं तीन उन्हाळे निभावलं तर इथला कडुनिंब किंवा करंज पुढं स्वतःच्या बळावर वाढतो. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं नाही तर बरंच. खड्डे खोदायचा खर्च मंजूर होताना नगरपंचायतीच्या सभेत पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचाही खर्च त्याच ठरावात यायला हवा.