हातचा कोठें जातो ?

मुंबईहून पुण्याकडे जाणारी आगगाडी १८६३ सालीं बोरघांट चढूं लागली, तेव्हां वाटेंत तिला एक विलक्षण मुक्काम करावा लागे. चढ कांहीं ठिकाणीं सदतिसांस एक इतका तीव्र, आणि डोंगराच्या सोंडेवर रूळ वळविण्यास पुरेशी जागा नाहीं. म्हणून गाडी एका टोंकाशीं थांबवीत, इंजिन सोडवून दुसऱ्या टोंकास जोडीत, आणि ती उलट दिशेनें खंडाळ्याकडे निघे. या जागेस ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ म्हणत. १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर हा मुक्काम संपला. तेथील प्रत्येक काम साधें होतें : इंजिन सोडणें, सांधा बदलणें, पुन्हा जोडणें. परंतु क्रम चुकून चालत नसे. आणि प्रत्येक कामानंतर कोणत्या रुळावर काय उभें आहे, हें नक्की ठाऊक असावें लागे.

यंत्रास आज्ञा देण्याच्या विद्येंतहि हेंच मर्म आहे, आणि तिचा उगम आगगाडीहून फारशा निराळ्या काळांतला नाहीं. मुंबई-ठाणें गाडी १८५३ सालीं सुटली. त्यापूर्वीं दहा वर्षें, १८४३ सालीं, इंग्लंडांत एडा लव्हलेस या विदुषीनें चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित यंत्रावर टिपा प्रसिद्ध केल्या. बर्नूली-संख्या काढण्याची रीत दाखवितांना तिनें एक मोठें कोष्टक दिलें. त्यांत एकीकडे क्रियांचे क्रमांक, आणि दुसरीकडे यंत्रांतील एकेका स्थानासाठीं एकेक रकाना. कोणत्या क्रियेनंतर कोणत्या स्थानांत काय आलें, तें ओळीनें मांडलेलें. तें यंत्र कधींच पुरें झालें नाहीं. कोष्टक मात्र राहिलें. त्यांतील चौथ्या क्रियेंत भाज्य आणि भाजक यांची अदलाबदल झालेली आहे. ही चूक ध्यानांत येण्यास यंत्र लागत नाहीं. ओळीमागून ओळ हातानें पडताळून पाहिली म्हणजे पुरें.

पुढें १९४९ च्या मे महिन्यांत केंब्रिज येथें ‘एडसॅक’ यंत्रावर पहिला कार्यक्रम चालला. यंत्राला केवळ शून्य आणि एक यांच्या रांगा कळतात, आणि माणसाला नेमक्या त्याच वाचवत नाहींत. डेव्हिड व्हीलर यांनीं अशी सोय केली कीं, माणसानें आज्ञा अक्षरांनीं लिहावी आणि यंत्रानें तिचें अंकांत रूपांतर करून घ्यावें. असेंब्ली भाषा म्हणून जी ओळखली जाते, तिच्या आरंभांपैकीं हा एक.

महाराष्ट्रांत ही विद्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रुजली. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तेथील तरुण मंडळींनीं १९५६ सालीं नमुन्याचें यंत्र आणि १९६० सालीं पूर्ण यंत्र चालू केलें. जानेवारी १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नांव ठेवलें. त्याच्या स्मृतींत २०४८ शब्द मावत. प्रत्येक शब्द चाळीस द्विमान अंकांचा. आज्ञा आंत जात त्या कागदी फितीवर पाडलेल्या छिद्रांच्या रूपानें.

१९७६ सालीं अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें ‘८०८५’ हा सूक्ष्मप्रक्रियक बाजारांत आणला. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर सुमारें ६५०० ट्रान्झिस्टर, आणि बाहेर चाळीस पाय. त्याच्या पोटांत कामापुरते खाने आहेत. त्यांना रजिस्टर म्हणतात. बेरीज-वजाबाकीचा मुख्य खाना ‘ए’. त्याच्या जोडीला बी, सी, डी, ई, एच आणि एल. प्रत्येकांत शून्यापासून २५५ पर्यंतचाच अंक मावतो. शिवाय पांच लहान निशाणें आहेत. उत्तर शून्य आलें काय, हातचा उरला काय, अशा गोष्टी तीं दर्शवितात. एक आणखी खाना पुढील आज्ञेचा पत्ता धरून ठेवतो.

जगाच्या बाजारांत याहून कितीतरी शक्तिमान यंत्रें आलीं, तरी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रांत ८०८५ वर्षानुवर्षें शिकविला गेला आहे. मावळ तालुक्यांतील जो विद्यार्थी हा विषय घेतो, त्याची परीक्षा मंडळाच्या पुणें विभागाकडे असते. प्रश्नाची एक ठरलेली तऱ्हा अशी : अमुक रजिस्टरांत अमुक अंक आहे, या आज्ञेनंतर ‘ए’ मध्यें काय असेल, आणि निशाणांची स्थिति कोणती? उत्तर देण्यास यंत्र लागत नाहीं. पट्टी, पेन्सिल आणि रकाने पुरतात. लोणावळ्याचा मुलगा खिशांत याच्या सहस्रपट वेगाचें यंत्र बाळगीत असतां, हा खटाटोप कशासाठीं, असें घरांतील वडील मंडळीस वाटणें साहजिक आहे. त्याचें उत्तर उदाहरणानेंच द्यावें लागतें.

बी आणि सी यांतील अंकांची अदलाबदल करावयाची आहे. स्टेशनांतील दोन रुळांवरचे डबे बदलावयाचे तर तिसरा मोकळा रूळ लागतो. येथें तो ‘ए’ पुरवितो. बीमधील अंक ‘ए’ मध्यें, सीमधील बीमध्यें, आणि ‘ए’ मधील सीमध्यें, अशा तीन आज्ञा झाल्या. परंतु एक भेद आहे. आज्ञेचें नांव ‘मूव्ह’, म्हणजे हलविणें, असें असलें तरी प्रत्यक्षांत कांहींच हलत नाहीं. केवळ नक्कल होते. डबा गेला कीं रूळ मोकळा होतो. अंक मात्र मूळ जागींहि राहतो आणि नव्या जागेंतील जुना अंक पुसला जातो. तिसऱ्या रुळावांचून दोन डबे एकमेकांवर आदळले तर सर्व घांटाला ऐकूं जाईल. तिसऱ्या रजिस्टरावांचून अंक गेला, तर कसलाहि आवाज होत नाहीं.

दुसरें उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. समजा, एका गाडींत १५६ उतारू आहेत आणि दुसरींत १२०. पहिली आज्ञा ‘ए’ मध्यें १५६ ठेवते. सोळांच्या मानांत ती ‘३ई ९सी’ अशी लिहितात. ती स्मृतींतील दोन घरें व्यापते, म्हणून पुढील आज्ञेचा पत्ताहि दोनांनीं सरकतो. दुसरी आज्ञा बीमध्यें १२० ठेवते. तिसरी बेरीज करते. उत्तर २७६ यावयास हवें. परंतु खान्यांत २५५ च्या पुढें जागा नाहीं. म्हणून ‘ए’ मध्यें २० उरतात, आणि हातच्याचें निशाण वर होतें. हा हातचा एक म्हणजे २५६.

आतां तो हातचा जपून ठेवावयाचा. ‘ए’ मधील २० सीमध्यें उतरावे, ‘ए’ मध्यें शून्य ठेवावें, त्यांत शून्य आणि हातचा मिळवावा, आणि आलेला एक बीमध्यें ठेवावा. बी आणि सी मिळून एकदां २५६ आणि वर २०, म्हणजे २७६ झाले. हिशेब जुळला.

येथें चलाख विद्यार्थी फसतो. ‘ए’ मध्यें शून्य ठेवण्याच्या आज्ञेस दोन घरें लागतात. तेंच काम ‘एक्सआरए ए’ या आज्ञेनें एकाच घरांत होतें : ‘ए’ ची ‘ए’ शींच ताडणी केली कीं बाकी शून्य. जागा वाचते, रकान्यांत शून्यहि दिसतें. परंतु ही आज्ञा जातां जातां हातच्याचें निशाण खालीं पाडते. पहिली तसें करीत नाहीं. बीमध्यें आतां शून्य येतें आणि २७६ उतारूंचे २० होतात. प्रत्येक आज्ञा शुद्ध, यंत्र निर्दोष, आणि उत्तर चूक ! ज्यानें कोष्टकांत केवळ रजिस्टरांचे रकाने आंखले, त्याला दोष कोठें तें सांपडणार नाहीं. ज्यानें निशाणासाठीं एक अरुंद रकाना राखला, त्याला तो कोणत्या ओळींत एकाचें शून्य झाला हें बोट ठेवून दाखवितां येतें.

महाराष्ट्राला ही शिस्त परकी नाहीं. पेशवे दप्तरांतील रोजकीर्द दिवसाच्या क्रमानें लिहिली जाई. कीर्दींत व्यवहार घडले तसे येतात; खतावणींत तेच ज्याच्या त्याच्या खात्यावर चढतात. आज्ञांची यादी ही यंत्राची कीर्द, आणि रजिस्टरांचे रकाने ही त्याची खतावणी. शेवटची शिल्लक जुळली नाहीं, तर जुना कारकून शिल्लक खोडीत बसत नसे; तो एकेक नोंद उलटी पडताळीत मागें जाई.

शाळेंतून सुटलेला विद्यार्थी पुढें बहुधा ८०८५ पुन्हा पाहणार नाहीं. परंतु औषधाची मात्रा मोजणारें, पगार वांटणारें किंवा सिग्नल पाडणारें यंत्र अशाच खान्यांवर आणि निशाणांवर चालतें, आणि त्याचें उत्तर नीटनेटक्या अक्षरांत छापून येतें. वीस उतारू हा आंकडाहि तितक्याच नीटनेटक्या अक्षरांत छापला जाईल. तो पाहून, “उरलेले २५६ कोठें गेले ?” असें विचारणारा मनुष्य जवळ असावा लागतो, आणि बारावीच्या वहींतील त्या अरुंद रकान्यांत त्याचीच तयारी होत असते.