कंधारचा समुद्र

मराठवाड्यांत समुद्र नाहीं. नांदेड, लातूर, परभणी, बीड, यांपैकीं कोणत्याहि जिल्ह्याच्या माणसास खारें पाणी पाहावयाचें असेल, तर अर्धें पठार ओलांडून आणि सह्याद्रीचा घाट उतरून कोंकणांत जावें लागतें. असें असतांहि नांदेडपासून सुमारें तीस मैलांवर, मन्याड नदीच्या खोऱ्यांतील कंधार या गांवाला एक 'समुद्र' आहे, आणि त्याचें हें नांव हजार वर्षांहून अधिक जुनें आहे. जगत्तुंग समुद्र हें तें नांव. तो एक बांधीव तलाव आहे. ज्या मुलखांत एक पाऊस हुकला कीं विहिरी तळ दाखवितात, तेथें पाण्याच्या विस्तीर्ण पत्र्याला समुद्र म्हणावेंसें वाटलें तर त्यांत अतिशयोक्ति किती आणि कृतज्ञता किती, हें ठरविणें अवघड आहे.

दख्खनेंतील राजांना हा शब्द प्रिय होता. होयसळांच्या राजधानीचें द्वारसमुद्र हें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. युरोपांत गोष्ट उलट होती. इटलींत नेपल्सजवळ बाय्ये म्हणून एक गांव आहे. रोमन साम्राज्याच्या भरभराटींत तेथें धनिकांनीं खऱ्या समुद्राच्या कांठावर महाल उठविले, ऊन झऱ्यांचीं स्नानगृहें बांधलीं, हौदांत मासे पाळले. पुढें ज्वालामुखीच्या प्रदेशांतील ती जमीन हळूहळू खचली आणि त्या नगराचा मोठा भाग पाण्याखालीं गेला. आज लोक होडींतून त्याच्या भिंती पाहतात. बाय्येचें नगर समुद्रानें गिळलें. कंधारचें नगर समुद्रावांचून उभेंच राहिलें नसतें.

हें नगर ज्या घराण्यानें वाढविलें तें राष्ट्रकूटांचें. त्या घराण्याचें बिरुद 'लट्टलूरपुरवराधीश्वर' असें होतें. श्रेष्ठ अशा लट्टलूर नगरीचे स्वामी, हा त्याचा अर्थ. हें लट्टलूर म्हणजे आजचें लातूर, असें विद्वानांचें सामान्यतः मत आहे. राजधानी पुढें मान्यखेट म्हणजे मालखेड येथें गेली, वेरूळचें कैलास लेणें कोरलें गेलें, कनोजपर्यंत स्वाऱ्या झाल्या. तरी मूळ गांवाचें नांव या राजांनीं बिरुदांतून कधीं पुसलें नाहीं. इनामदारी गेली तरी आडनांव टिकावें, त्यांतलाच हा प्रकार. खरा समुद्रहि त्यांच्या सत्तेखालीं होता. अल्-मसूदी हा अरब प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास कोंकणकिनाऱ्यावरील चौल बंदरांत आला होता. तेथें वस्ती करून राहिलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांचें त्यानें वर्णन केलें आहे, आणि तें बंदर 'बल्हरा' राजाच्या राज्यांत मोडतें असें सांगितलें आहे. बल्हरा म्हणजे वल्लभराज. अरबांनीं राष्ट्रकूट सम्राटाला दिलेलें तें नांव.

कंधारचें वैभव मुख्यतः तिसऱ्या कृष्णाच्या नांवाशीं निगडित आहे. इ. स. ९३९ ते ९६७ हा त्याचा राज्यकाल. इ. स. ९४९ मध्यें तक्कोलम् येथें त्यानें चोळांचा पराभव केला. चोळ युवराज राजादित्य हत्तीच्या अंबारींतच मारला गेला. मारणारा कृष्णाचा मेहुणा, गंगवंशीय बुतुग. या विजयानंतर कृष्णाच्या सेना रामेश्वरापर्यंत पोंचल्या. भरतखंडाची भूमि जेथें संपते आणि दोन समुद्र एकमेकांस भेटतात, तेथपर्यंत गेलेला हा राजा. त्याचा लवाजमा परत दख्खनेंत आला, तेव्हां मन्याडच्या खोऱ्यांतील गोड्या पाण्याला समुद्र म्हणतांना त्यांतील कित्येकांच्या डोळ्यांपुढें रामेश्वरची लाट असेल.

जगत्तुंग हें नांव मात्र कृष्णाचें स्वतःचें नव्हे. त्याच्या कुळांत तें दोन ठिकाणीं येतें. तिसरा गोविंद हा पराक्रमी सम्राट तें बिरुद लावीत असे, आणि कृष्णाच्या आजोबांचें नांवहि जगत्तुंगच होतें. हे आजोबा युवराजपदावर असतांनाच वारले. सिंहासन त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. त्यांचे पुत्र राजे झाले, नातू राजे झाले. त्यांच्या नांवाचें कांहीं उरलें असेल तर तें हें पाणी, असें मानण्याचा मोह होतो. गोविंदाच्या कीर्तीला तलावाची गरज नव्हती.

कंधार येथें सांपडलेला एक भग्न संस्कृत शिलालेख या सर्व कथेचा आधार आहे. राष्ट्रकूटकालीन कंधारचें जें चित्र त्यांतून उमटतें, तें एखाद्या आडवळणाच्या ठाण्याचें नाहीं. जगत्तुंग समुद्राचा उल्लेख त्यांत आहे, अनेक देवालयांचीं नांवें आहेत, पूजाअर्चेच्या आणि अन्नछत्राच्या व्यवस्था आहेत. देवांच्या नांवांत एक नांव विशेष चित्तवेधक आहे: काळप्रिय. खरा काळप्रिय यमुनेच्या तीरावरचा. तिसऱ्या कृष्णाचा चुलता तिसरा इंद्र यानें कनोजवर स्वारी केली, तेव्हां त्याच्या हत्तींनीं दंतप्रहारांनीं काळप्रियाच्या देवळाचें अंगण विषम केलें, असें खंबायत येथें मिळालेल्या इ. स. ९३० च्या ताम्रपटांत कवीनें अभिमानानें लिहिलें आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तें ठिकाण यमुनाकांठचें काल्पी होय, असें दाखविलें. स्वारी संपली, हत्ती परतले, आणि त्या देवाचें नांव दख्खनेंत आलें. कंधारास काळप्रियाचें देऊळ झालें. पुढें कृष्णानें दक्षिण जिंकल्यावर तेथेंहि काळप्रियाचें देऊळ उभारलें. कऱ्हाडच्या ताम्रपटांत त्याचा निर्देश आहे. ज्या देवाच्या अंगणाची आपल्या हत्तींनीं नासधूस केली, त्यालाच घरीं आणून बसवावयाचें, ही त्या काळच्या विजेत्यांची रीत होती. ती अपराधाची भरपाई होती कीं विजयाची निशाणी, याचा निकाल ज्यानें त्यानें लावावा.

हीं देवळें आज कोठें आहेत असें विचारीत कोणी कंधारांत हिंडूं लागला, तर त्यास शिखरें दिसणार नाहींत, दगड दिसतील. कोठें भिंतींत बसविलेला कोरीव खांब, कोठें पायरी झालेली तुळई. गांवालगत एका प्रचंड मूर्तीचे तुकडे मिळाले आहेत. ती क्षेत्रपालाची मूर्ति असावी, असें अभ्यासकांनीं ठरविलें आहे, आणि शिलालेखांतहि क्षेत्रपालाचें नांव येतें. पाहणारा मनुष्य त्या तुकड्यांशेजारीं उभा राहिला कीं लहान मुलासारखा दिसतो. क्षेत्रपाल म्हणजे गांवाच्या शिवेचा राखणदार. राखणदार पडला, शीव राहिली.

इ. स. ९७२ मध्यें माळव्याच्या सीयक परमारानें मान्यखेट लुटलें आणि पुढल्याच वर्षीं चालुक्य तैलपानें राष्ट्रकूटांची सत्ता संपविली. नांव तेवढें टिकलें. 'कंधारपुरवराधीश्वर' असें बिरुद नंतरच्या कांहीं मांडलिक घराण्यांनीं आवडीनें मिरविलें. पूर्वीं लट्टलूरचें जें स्थान होतें तें आतां कंधारला मिळालें.

आज कंधारला जाणारा प्रवासी प्रथम पाहतो तो भुईकोट किल्ला. देवगिरीसारखा डोंगर याच्या पाठीशीं नाहीं. याचें बळ खंदकांत आणि खंदकांतल्या पाण्यांत. लोहबंदी दरवाजा, मच्छली दरवाजा असे दरवाजे ओलांडीत, वळणावळणानें, एकदम समोर कांहीं दिसूं नये अशा बेतानें आंत शिरावें लागतें. आंत लालमहाल, अंबरखाना वगैरे इमारतींचे अवशेष आहेत. बहामनी, निजामशाही, मोंगल, ज्याला जसें सुचलें तसें त्यानें या किल्ल्यांत बांधकाम केलें आहे. पाहणारानें येथें घाई करूं नये. एका भिंतीच्या चार हातांत तीन राजवटींची गवंडीकला दिसते.

मलिक अंबराच्या चरित्रांत या किल्ल्याला महत्त्वाचें स्थान आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा सूत्रधार झाला. मोंगलांशीं तो गनिमी काव्यानें झुंजत असतां, आपला कुटुंबकबिला आणि खजिना सुरक्षित ठेवण्यासाठीं त्यानें विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाकडून कंधारचा किल्ला मागून घेतला. ज्याला उभा देश घोड्याच्या पाठीवरून लढवावयाचा आहे, त्याला मागें निर्धास्त सोडतां येईल अशी एक जागा लागते. अंबरानें ती जागा कंधारला शोधली, यावरून खंदकाची किंमत कळते.

अंबर इ. स. १६२६ मध्यें वारला. त्यानंतर पांच वर्षांनीं, इ. स. १६३१ मध्यें, शहाजहानचा सरदार नसीरीखान यानें किल्ल्यास वेढा घातला. खालून सुरुंग खणले, बुरुज उडविले, आणि मे महिन्यांत किल्ला मोंगलांच्या हातीं पडला. हा काळ आठवला म्हणजे अंगावर कांटा येतो, कारण इ. स. १६३०-३२ चा तो भयंकर दुष्काळ गुजराथेपासून दख्खनेपर्यंत पसरलेला होता. माणसें अन्नावांचून मरत होतीं आणि त्याच मुलखांत सुरुंगांना दारू पुरविली जात होती.

या वेढ्याचें एक चित्र आहे. शहाजहानच्या 'पादशाहनामा' या इतिहासाच्या सचित्र प्रतींत तें असून, पयाग या चितान्याचें तें काम समजतात. मोंगल चित्रांत विजय बहुधा सोन्याच्या वर्खांत न्हाऊन निघतो. पयागनें येथें धूर, अंधार आणि रणांत पडलेलीं प्रेतें रंगविलीं. अवधच्या नबाबानें ही प्रत इ. स. १७९९ मध्यें इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज यास नजर म्हणून पाठविली. ती विंडसरच्या राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहांत आहे. गंमत अशी कीं कंधार हें नांव वाचतांच पुष्कळांचें लक्ष अफगाणिस्तानाकडे धांवतें. तें कंदाहारहि शहाजहानच्याच कारकीर्दींत, इ. स. १६३८ मध्यें, मोंगलांस मिळालें, परंतु तें त्याच्या इराणी सुभेदारानें आपण होऊन स्वाधीन केलें. सुरुंगांनीं फुटला तो बुरुज मन्याडच्या खोऱ्यांतला. एका नांवामुळें मराठवाड्याच्या पदरीं पडावयाचें स्मरण अनेकदां परदेशीं जमा झालें आहे.

किल्ल्याबाहेर कंधारचें दुसरें वैभव म्हणजे हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा. उरुसाला दूरदूरचे लोक येतात आणि त्यांत हिंदु-मुसलमान दोघेहि असतात. निजामाच्या राज्याचा शेवट १९४८ च्या सप्टेंबरांत झाला, मुलूख पुढें मुंबई राज्यांत व नंतर महाराष्ट्रांत आला. उरुसाची तिथि मात्र तीच राहिली. ज्याला मौजमजाहि पाहावयाची असेल त्यानें मार्गशीर्ष अमावास्येचा सुमार धरून निघावें. लोह्याच्या पलीकडे, नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगांवला खंडोबाची जत्रा भरते. घोडे, उंट, गाढवें, बैल यांचा बाजार, कुस्त्यांचे फड, तमाशे-लावण्या, भटक्या जमातींच्या पालांची वस्ती आणि भंडाऱ्यानें पिवळी झालेली माती! एवढी माणसें आणि एवढीं जनावरें दिवसेंदिवस एका जागीं राहतात, त्या सर्वांस पाणी लागतें. जत्रेचा मुक्काम ठरविणारांना हा विचार देवाच्या खालोखाल करावाच लागला असेल.

पाण्याचा विचार येथें कोणालाच टाळतां येत नाहीं. १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें अजून घरोघर आहेत. त्यानंतरहि, २०१६ च्या एप्रिलांत, लातूर शहराला प्यावयाचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत मिळून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें, आणि तिची वाट पाहत लोक स्थानकावर उभे होते. ज्या नगरीचें नांव बिरुदांत मिरविणाऱ्या राजांनीं दख्खनेंत समुद्र बांधले, त्याच नगरीला कृष्णेच्या कांठावरून पाणी मागवावें लागलें. त्या राजांच्या वेळीं पाऊस अधिक पडत होता असें मानून स्वस्थ बसणें सोयीचें आहे. पण त्यांनाहि पाऊस बेभरवशाचाच होता, म्हणून तर त्यांनीं पाळ घातली. पाळ घालणें हें एका राजाचें काम आहे. गाळ काढीत राहणें हें त्यानंतरच्या तीस-चाळीस पिढ्यांचें.

जगत्तुंग समुद्राची पाळ पाहण्यास पावसाळा सरल्यावर जावें. भाद्रपद-आश्विनांत, पाणी भरलेलें असतांना, सकाळच्या प्रहरीं कांठानें चालत गेलें तर एका बाजूला गांवाचे पांढरीचे ढिगारे, दुसऱ्या बाजूला वाऱ्यानें हलणारें पाणी आणि त्यावर बगळे दिसतात. त्या पाण्याला खारट वास नाहीं, भरती-ओहोटी नाहीं. उन्हाळ्यांत तेंच पाणी कांठ सोडून आंत सरकतें. मग उघड्या पडलेल्या गाळांत भेगा पडतात आणि मागें सरलेल्या पाण्याच्या कडेनें गुराखी आपलीं जनावरें हांकून नेतात.