प्री-मेडचं वेळापत्रक कुणी भरलं?

ज्यांची भाचरं-पुतणी अमेरिकेत वाढतायत त्यांना 'प्री-मेड' हा शब्द नवा नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्री-मेड ही पदवी नव्हे, तसा कुठला एक कोर्सही नव्हे. आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली, नंबर लागला की मुलगी सरळ एमबीबीएसला. तिकडे आधी चार वर्षांची कुठलीतरी पदवी घ्यायची. त्या चार वर्षांतच बायॉलॉजी, फिजिक्स आणि केमिस्ट्री (त्यातलं ऑरगॅनिक हे खास रडवणारं), प्रत्येकाची लॅब, हॉस्पिटलात फुकट काम, एखाद्या डॉक्टरच्या मागे मागे हिंडून तो काय करतो ते बघणं, जमल्यास थोडं संशोधन, आणि शेवटी सुट्टीसकट साडेसात तास चालणारी एमकॅट नावाची परीक्षा. न्यू जर्सीतल्या माझ्या एका भाचीचं कॅलेंडर मी पाहिलंय. रिलीजच्या आठवड्यात आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरचं जे होतं, ते त्यापुढे गावाकडची दुपार वाटावी.

तिनं विचारलं, मामा, तुम्ही लोक वेळ कसा मॅनेज करता? आता यावर पुस्तकांना तोटा नाही, दोन-चार नावं मीही पाठवली. पण मला खरा किडा चावला तो वेगळाच. हे वेळापत्रक एवढं भरलं कुणी? कोडमध्ये एखादी अजब ओळ दिसली की ती कुणी, कधी, कशासाठी घातली हे उकरून काढायची आम्हाला खोडच असते. तर हा वीकेंड त्यात गेला.

१८७० च्या आधीचा अमेरिकन मेडिकलचा विद्यार्थी फार बिझी नव्हता. बहुतेक कॉलेजांत हिवाळ्यातले चारेक महिने लेक्चरं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा चार महिने. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या वर्षी तीच लेक्चरं परत! प्राध्यापक मंडळी फीमधूनच आपलं घर चालवत, त्यामुळे मुलगा नापास करणं कुणालाच परवडणारं नव्हतं. पदवीबिदवी कोण विचारतो? हार्वर्डसारख्या ठिकाणी १८७१ मध्ये चार्ल्स इलियटनं क्रमवार तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणला, तेव्हा तिथल्या जुन्या प्राध्यापकांनी चांगलीच कुरकुर केली.

आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत गेल्या त्या याच काळात. १८८३ च्या शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. वय १८. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि आधीची पदवी हवी अशी अट नव्हती. मार्च १८८६ मध्ये एमडी झाल्या, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानं गेल्या. आता आजचा नियम त्या काळाला लावून बघा. १८८३ मध्ये प्री-मेड सुरू केलं असतं तर चार वर्षं १८८७ च्या उन्हाळ्यात संपली असती. म्हणजे पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून ज्यांचं नाव आपण घेतो, त्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पुढे पोचल्याच नसत्या. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा जरा वेळ नुसता बसून राहिलो.

नियम बदलला तो फिलाडेल्फियापासून दीडशे किलोमीटरवरच्या बाल्टिमोरमध्ये. जॉन्स हॉपकिन्स नावाचा व्यापारी १८७३ मध्ये वारला आणि विद्यापीठ व हॉस्पिटलसाठी ७० लाख डॉलर ठेवून गेला. विद्यापीठाच्या वाट्याला आलेले पैसे मुख्यतः बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या शेअर्समध्ये होते. हॉस्पिटल १८८९ मध्ये उघडलं, पण तोवर रेल्वेचा डिव्हिडंड आटला होता आणि मेडिकल स्कूलसाठी पैसाच उरला नाही. तेव्हा मेरी गॅरेट, केरी थॉमस आणि त्यांच्या दोन मैत्रिणी पुढे आल्या. चौघीही विश्वस्तांच्या मुली. आम्ही पैसे जमवतो, पण बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं प्रवेश द्या, अशी त्यांची अट. विश्वस्तांनी पाच लाखांचा आकडा सांगितला. (माझा अंदाज, त्यांना वाटलं असणार की एवढ्यानं बाया गप्प बसतील.) डिसेंबर १८९२ मध्ये मेरी गॅरेटनं उरलेले ३,०६,९७७ डॉलर एकटीनं भरले. तिचे वडील त्याच रेल्वेचे अध्यक्ष होते, म्हणजे रेल्वेनं बुडवलं आणि रेल्वेच्याच पैशानं तारलं.

पैशांबरोबर अटी आल्या. बायकांना समान प्रवेश ही एक. दुसरी अशी की प्रवेशाआधी पदवी हवी, त्यात विज्ञानाचे ठरावीक विषय हवेत, शिवाय फ्रेंच आणि जर्मन वाचता आलं पाहिजे. ही यादी मुळात विल्यम वेल्च या प्राध्यापकानं एक आदर्श म्हणून लिहून ठेवली होती. गॅरेटबाईंनी ती शब्दशः धरली. इतकी कडक अट अमेरिकेत पहिल्यांदाच येत होती, आणि ती बघून खुद्द प्राध्यापकच हादरले. विल्यम ऑस्लर वेल्चला म्हणाला म्हणे, आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून तुला-मला कुणी घेतलं नसतं! १८९३ मध्ये शाळा उघडली. विद्यार्थी १८, त्यात तीन मुली. बायकांसाठी दर्जा खाली आणला असं कुणी म्हणायला नको, म्हणूनही बाईंनी अट घट्ट धरली असावी असं मला वाटतं. ज्यांना आत यायचं होतं त्यांनीच दार उंच केलं.

एका शाळेची ही अट देशभर नेली अब्राहम फ्लेक्सनरनं. हा डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता. कार्नेगी फाउंडेशनसाठी त्यानं अमेरिका-कॅनडातली १५५ मेडिकल स्कूलं पालथी घातली आणि १९१० मध्ये रिपोर्ट दिला. हॉपकिन्स हा त्याचा नमुना. प्रवेशाआधी निदान दोन वर्षं कॉलेज आणि त्यात केमिस्ट्री, फिजिक्स, बायॉलॉजी हे त्याचं किमान माप. शाळा आधीच बंद पडू लागल्या होत्या, रिपोर्टनं वेग आला. वाईट शाळा गेल्या हे बरंच झालं, जिथे लॅबच्या नावाखाली चार बाटल्या होत्या त्यांच्यासाठी कोण रडेल? पण दिवसा नोकरी करून रात्री शिकणाऱ्यांच्या शाळाही गेल्या, आणि कृष्णवर्णीयांच्या सातांपैकी दोनच उरल्या, हॉवर्ड आणि मेहॅरी. गरीब मुलाचं काय, हा प्रश्न फ्लेक्सनरनं रिपोर्टात स्वतःच काढला आणि फेटाळून लावला. त्याचं म्हणणं साधारण असं, की गरिबी हा अर्धवट डॉक्टर तयार करण्याचा परवाना होऊ शकत नाही. मुद्दा खोडायला सोपा नाही.

मात्र फ्लेक्सनर स्वतः कसा शिकला ते बघा. लुईव्हिलमधलं मोठं कुटुंब, १८७३ च्या मंदीत वडिलांचा धंदा बसलेला. थोरला भाऊ जेकब औषधांचं दुकान चालवायचा, त्यानं पैसे उभे केले आणि धाकट्याला हॉपकिन्सला धाडलं. तिथे पदवीचा अभ्यासक्रम फ्लेक्सनरनं दोन वर्षांत संपवला, १८८६ मध्ये, म्हणजे आनंदीबाई एमडी झाल्या त्याच वर्षी. याला वेळेचं नियोजन म्हणायचं तर म्हणा, पण त्या दोन वर्षांचं बिल दुकानात उभ्या असलेल्या जेकबनं भरलं होतं.

आणि वेळेच्या नियोजनाचा उपदेश? तोही या गोतावळ्यातूनच आला. १९१३ च्या एप्रिलमध्ये ऑस्लर येलच्या विद्यार्थ्यांसमोर बोलला. जहाजाच्या तळात पाणी अडवणारे वेगवेगळे कप्पे असतात, तसा प्रत्येक दिवस बंद कप्प्यासारखा जगा, कालचं आणि उद्याचं आत येऊ देऊ नका. पुढे १९४८ मध्ये डेल कार्नेगीनं हीच गोष्ट आपल्या चिंतामुक्तीच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला घातली आणि ती जगभर गेली. आम्ही टाइमबॉक्सिंग म्हणतो ते याचंच नातवंड. सल्ला चांगला आहे, मीही वापरतो. पण ऑस्लर बोलला तेव्हा टायटॅनिक बुडून जेमतेम वर्ष झालं होतं. त्या जहाजातही कप्पे होतेच. भिंती पुरेशा उंच नव्हत्या, म्हणून एक कप्पा भरला की पाणी वरून पुढच्यात सांडत गेलं. मंगळवारची लॅब बुधवारात सांडते तेव्हा दोष भिंत बांधणाऱ्या मुलीचा, की आत येणाऱ्या पाण्याचा?

हा प्रश्न तिकडच्यांनाही पडला होता. १९७८ मध्ये डॉक्टर-लेखक लुईस थॉमसनं प्री-मेड हा प्रकारच बंद करा असं जाहीर लिहिलं. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायनं साहित्य, इतिहास वगैरे शिकणारी काही मुलं ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स आणि एमकॅटशिवाय घ्यायला सुरुवात केली. २०१० मध्ये त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला, तर एकंदरीत ही मुलं बाकीच्यांच्या बरोबरीनं डॉक्टर झालेली. तरीही यादी काही आटली नाही. उलट २०१५ मध्ये एमकॅटमध्ये मानसशास्त्र आणि समाजशास्त्राची भर पडली. आमच्या धंद्यातही हेच चालतं, नवं फीचर घालायला मीटिंग लागत नाही, जुनं काढायला समिती बसते.

बाल्टिमोरमधली पुढची गोष्ट २०२४ ची. मायकेल ब्लूमबर्गनं हॉपकिन्सला १०० कोटी डॉलर दिले, आणि तीन लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मेडिकल स्कूलची फी माफ झाली. त्याआधीच्या चार वर्षांचा खर्च आणि त्या चार वर्षांत न मिळणारा पगार, हे अजून ज्याच्या त्याच्या जेकबकडेच आहे.