हडपसरचा पाइप आणि जमशेदपूरचं भाडं

गेल्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा लोखंड विकत घेतलं.

सायकलमागे जोडायला एक छोटा ट्रेलर करायचं बरेच दिवस डोक्यात होतं. दर रविवारी मी हडपसरच्या मंडईतून चार फ्लॅटची भाजी आणतो. दोन्ही हँडलला पिशव्या लटकवून गाडीतळाच्या ट्रॅफिकमधून येताना परवा पडता पडता वाचलो, तेव्हा म्हटलं आता पुरे. (इंजिनिअरिंगची डिग्री आहे हो आपल्याकडे. वर्कशॉपचा जॉब मित्राने घासून दिला होता, ती गोष्ट वेगळी.)

फ्रेमसाठी २५ बाय २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप ठरवला, पत्र्याची जाडी १.६ मिलिमीटर. सहा मीटरच्या दोन लेंथ पुरेशा होत्या. पहिल्या दुकानात भाव नगावर निघाला, ४३० रुपये. मी पाकीट काढलंच होतं, तेवढ्यात बरोबर आलेला रूममेट म्हणाला, "भैया, काँटे पे रखिये." काट्यावर भरलं ५.४ किलो!

आता गणित बघा. बाहेरच्या मापातून जाडी वजा करा, त्याला ४ ने गुणा, परत जाडीने गुणा आणि शेवटी ०.००७८५ ने. उत्तर येतं एका मीटरचं वजन किलोत. १.६ च्या पाइपची सहा मीटरची लेंथ साधारण सात किलो भरायला हवी. ५.४ म्हणजे पत्रा जेमतेम १.२ चा. दुसऱ्या दुकानात सगळं धरून ७० रुपये किलोने चौदा किलो घेतलं, ९८० रुपये झाले. पहिल्याचा 'स्वस्त' पाइप किलोला जवळजवळ ८० रुपयांनी पडला असता. कुणी पाइप घ्यायला गेलात तर भाव किलोवर विचारा, एवढं लक्षात ठेवा.

रूममेटला हे कसं ठाऊक? तो जमशेदपूरचा. वडील तिथल्याच ट्यूब कारखान्यातून रिटायर झालेले. १९५० च्या दशकात टाटांनी स्टुअर्ट्स अँड लॉइड्स या ब्रिटिश कंपनीबरोबर तिथे इंडियन ट्यूब कंपनी काढली, ती १९८० च्या दशकात टाटा स्टीलमध्ये विलीन झाली. पत्र्याची पट्टी रोलरमधून वळवत गोल करायची, कडा विजेने तापवून दाबून जोडायच्या, आणि चौकोनी हवा असेल तर पुन्हा रोलरमधून काढायचा... पाइप असा बनतो. पट्टी वळवून कडा जोडायचं पेटंट इंग्लंडमध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउसने १८२५ मध्येच घेतलं होतं, फक्त तो भट्टीत तापवायचा.

रिक्षात पाइप बाहेर काढून बसलो होतो, तेव्हा हा गडी सहज म्हणाला, "पप्पांच्या वेळी लोखंडाचा भाव आमच्याकडे आणि तुमच्या पुण्यात सारखाच असायचा. कारखाना आमच्या दारात, तरीही."

मला वाटलं फेकतोय. घरी येऊन वाचत बसलो, तर खरंच की!

१९५६ पासून केंद्र सरकारने पोलादासाठी भाडे-समानीकरण लागू केलं होतं. देशभरच्या वाहतुकीची सरासरी काढून ती सगळ्यांच्याच भावात घालायची. दीड हजार किलोमीटरहून लांब असलेल्या पुण्याला आणि कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेल्या वर्कशॉपला एकच दर. हेतू वाईट नव्हता, उद्योग देशभर पसरावेत हा होता. पण त्यामुळे तेव्हाच्या बिहारला खाणी आणि कारखाने जवळ असण्याचा काही फायदाच उरला नाही. मुंबई-पुण्याकडे बंदर, बाजारपेठ, भांडवल आधीच होतं, वर पोलादही त्याच भावात. पूर्वेकडच्या राज्यांची जुनी तक्रार अशी की कापसाला मात्र असलं समानीकरण नव्हतं. पोलादाचं भाडं सगळ्यांनी वाटून घ्यायचं, कापसाचं ज्याचं त्याने.

बरं, आपल्याकडच्या छोट्या वर्कशॉपवाल्यालाही तो सरकारी भाव सहज मिळत नव्हता. दर १९६४ पासून जॉइंट प्लांट कमिटी ठरवायची आणि माल कोट्याने मिळायचा. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाचं एक मोठं काम छोट्या कारखान्यांना कच्चा माल वाटणं हेच होतं. माझ्यासारख्या शनिवार-रविवारच्या हौशी माणसाला दोन लेंथसाठी कुणी उभं केलं असतं?

जानेवारी १९९२ मध्ये भाव आणि वाटप दोन्ही मोकळं झालं आणि समानीकरणही गेलं. पण गंमत बघा, त्याच दशकात गुजरातेत हाजिरा आणि आपल्या रायगडात डोलवी इथे मोठे पोलाद कारखाने उभे राहिले. म्हणजे भाड्याची सवलत गेली, तर पोलादच आपल्या जवळ आलं. बिहारची ती पस्तीस वर्षं मात्र कुणी परत दिली नाहीत.

शाळेत आपण शिकलो की पुण्यात उद्योग आले ते किर्लोस्करांसारख्यांच्या जिद्दीमुळे. ते खरंच आहे. हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ पासून आहे, रोज ऑफिसला जाताना मी तिथून जातो. पण त्या जिद्दीच्या हिशोबात जमशेदपूरनेही भाडं भरलंय, हे मला तिशीला टेकेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आणि 'हे लोक इकडे कशाला येतात' असं चहाच्या टपरीवर मीही एक-दोनदा बोललोय. रूममेटसमोर नाही, पण बोललोय.

असो. फ्रेमचं वेल्डिंग रविवारी. पाइपची जोडाची रेघ आतल्या बाजूला ठेवायची, असं रूममेटने बजावलंय. पहिल्या फेरीत त्याची भाजी फुकट आणायची, असं मी ठरवलंय.