रुग्णाच्या पोटात जंतूंची देवाणघेवाण: 'प्लाझमिड'मुळे औषधं निकामी कशी होतात?

लघवीच्या संसर्गावर नेहमीची गोळी चालत नाही. दुसरी बदलून दिली, तीही नाही. शेवटी दवाखान्यात दाखल करून महागडं इंजेक्शन सुरू होतं आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, 'जंतू रेझिस्टंट आहे.' ऐकणाऱ्याला वाटतं, एक जंतू हट्टी झाला, एवढंच. पण औषधाला न जुमानण्याची ही ताकद तो जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो, आणि हे सगळं रुग्णाच्या आतड्यातच घडू शकतं. ज्याच्या मार्फत हे घडतं, त्याचं नाव प्लाझमिड.

सीमाभागातल्या माणसाने हे समजून घ्यायला वेगळं कारण आहे. बेळगावचा रुग्ण कोल्हापूरला जातो, सिंधुदुर्गातला गोव्याला जातो. उपचारासाठी राज्य ओलांडणं आपल्याला नवीन नाही. माणसासोबत त्याच्या पोटातले जंतूही जातात. कागदपत्रं मात्र अनेकदा घरीच राहतात.

प्लाझमिड म्हणजे काय?

जिवाणूचा मुख्य डीएनए वेगळा असतो. त्याशिवाय अनेक जिवाणूंमध्ये डीएनएची लहान, बहुतेक वेळा गोल कडी असते. हेच प्लाझमिड. हा शब्द अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये रूढ केला. रोजच्या जगण्यासाठी जिवाणूला प्लाझमिड लागतंच असं नाही. पण त्यावर अँटिबायोटिक निकामी करणारं जनुक असेल, तर औषधाच्या माऱ्यात तोच जिवाणू टिकतो.

आता देवाणघेवाणीचा भाग. प्लाझमिड असलेला जिवाणू शेजारच्याला एका बारीक तंतूने जोडून घेतो. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक तिकडे जातो, एक इथेच राहतो, आणि दोघेही आपापली जोडी पूर्ण करतात. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर घेणाऱ्याच्या खात्यात जमा होतं, पण देणाऱ्याच्या खात्यातून काहीच वजा होत नाही. उलट आता देणारे दोन झाले. घेणारा त्याच जातीचा असायलाच हवा असंही नाही. ई. कोलायकडून क्लेबसिएलाकडे, ई. कोलायकडून शिगेलाकडे, असा हा व्यवहार चालतो.

दुसरी अडचण म्हणजे एकाच प्लाझमिडवर चार-पाच औषधांना निकामी करणारी जनुकं एकत्र असू शकतात. मग त्यातलं एकच औषध दिलं, तरी टिकून राहणारा जंतू बाकीच्या औषधांनाही दाद देत नाही.

जपानच्या हगवणीतून उलगडलेलं कोडं

हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शिगेला जंतूमुळे होणाऱ्या हगवणीच्या साथी येत होत्या. १९५०च्या दशकात डॉक्टरांना असे शिगेला सापडू लागले, जे सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदम दाद देत नव्हते. जंतू स्वतःत बदल करत चार औषधांविरुद्ध ताकद मिळवणार असेल, तर ती एकेक करून यायला हवी होती. इथे चारही एकत्र आल्या होत्या.

आणखी नवल म्हणजे एकाच रुग्णाच्या शौचात औषधाला दबणारा शिगेलाही मिळायचा आणि न दबणाराही. रुग्णाला एकटं क्लोरॅम्फेनिकॉल दिलं, तरी नंतर चारही औषधं पचवणारा शिगेला दिसायचा. त्याच रुग्णांच्या आतड्यातला साधा ई. कोलायही त्याच औषधांना जुमानत नव्हता. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की ही ताकद ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात एकाकडून दुसऱ्याकडे जाते. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये हा सगळा विषय इंग्रजीत सविस्तर मांडला, तेव्हा तो जगभर पोचला.

यातून कळतं ते असं, की आजार न करणारा आतड्यातला साधा जंतूसुद्धा अशा जनुकांचा साठा सांभाळून असतो. आजाराचा जंतू आला की साठा त्याला मिळू शकतो.

दिल्लीचं नाव लागलेलं जनुक

२००८ मध्ये स्वीडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला जंतू सापडला. त्याआधी त्याने दिल्लीत उपचार घेतले होते. गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेली मेरोपेनेम, इमिपेनेम यांसारखी कार्बापेनेम औषधं त्या जंतूवर चालत नव्हती. पुढे त्याच रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक मिळालं. दोन्ही जंतूंमध्ये ते प्लाझमिडवर होतं. रुग्णाच्या शरीरातच हस्तांतर झालं असावं, असा संशोधकांचा अंदाज होता. जनुकाला नाव मिळालं एनडीएम-१, म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. शहराचं नाव दिल्यावरून भारतात बराच वाद झाला. वाद नावाचा होता, पण जनुक आपल्याकडे होतंच. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जंतू तपासले, त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ निघालं.

२०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यावर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये हे जनुक मिळालं. म्हणजे गोष्ट दवाखान्याच्या भिंतीबाहेर गेलेली होती.

कोलिस्टिन या अगदी शेवटच्या फळीतल्या औषधाचंही तेच झालं. त्याला निष्प्रभ करणारं, प्लाझमिडवरचं एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरं, मांस आणि रुग्ण या तिन्हींत सापडलं. भारताने २०१९ मध्ये जनावरं आणि कोंबड्यांसाठी कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली.

दवाखान्यात पसरतं कसं?

यावर माद्रिदच्या रामोन इ काहाल रुग्णालयातला अभ्यास फार उपयोगी आहे. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत ९ हजारांहून जास्त रुग्णांचे नमुने घेऊन संशोधकांनी कार्बापेनेम निकामी करणाऱ्या एकाच प्लाझमिडचा माग काढला. त्यात दोन वाटा दिसल्या. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना काही ठरावीक जंतू प्लाझमिड घेऊन जातात. आणि एकदा ते रुग्णाच्या आतड्यात पोचलं, की तिथल्या दुसऱ्या जातींच्या जंतूंमध्ये वारंवार शिरतं.

म्हणून उपायही दोन जागी लागतात. पहिली वाट हात, पलंगाचा कठडा, लघवीची नळी यांवरून जाते. ती स्वच्छतेने अडवता येते. साबणाने नीट हात धुतले की जंतू वाहून जातो, मग तो रेझिस्टंट असो वा नसो. दुसरी वाट पोटात आहे. तिथे आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे गरज नसताना अँटिबायोटिक न घेणं. औषध प्लाझमिड तयार करत नाही. पण ते आतड्यातले साधे, दबणारे जंतू मारून टाकतं आणि प्लाझमिडवाल्यांना जागा मोकळी करून देतं.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू औद्योगिक भागात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लोक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढं प्रमाण नसतं. पुढच्या अभ्यासात तिथल्या नदीच्या गाळात रेझिस्टन्सची जनुकं आणि प्लाझमिड दोन्ही भरपूर मिळाली.

आपण काय करायचं?

२०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा रेझिस्टंट जंतूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. घाबरून चालणार नाही, पण सवयी बदलाव्या लागतील.

सर्दी आणि साध्या फ्लूवर अँटिबायोटिक चालत नाही, कारण हे आजार विषाणूंचे. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्ट्रिप आणू नका. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. त्यातल्या २४ अँटिबायोटिकांसाठी दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टर, रुग्ण आणि किती औषध दिलं याची नोंद करून ती ३ वर्षं ठेवायची असते. नियम केंद्राचा आहे, त्यामुळे कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, तेलंगणा सगळीकडे सारखाच.

रुग्ण दाखल असेल तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा. औषध सुरू करण्याआधी कल्चरसाठी नमुना घेतला का? लघवीची नळी अजून लागते का, की काढता येईल?

राज्य ओलांडून दुसऱ्या दवाखान्यात जाताना डिस्चार्ज कार्ड, कल्चर रिपोर्ट आणि कोणती अँटिबायोटिक किती दिवस दिली याचा कागद सोबत घ्या. कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असला तरी चालेल, औषधांची नावं डॉक्टरांना कळतात. आधी कुठे दाखल होतो, आयसीयूत होतो का, हे न विचारताही सांगा. कल्चर रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांना अंदाजानेच ठरवावं लागतं. जुना कागद हातात असला तर तो अंदाज चुकण्याची शक्यता कमी होते. गंभीर रुग्णासाठी तेवढे दोन दिवस फार मोलाचे असतात.

आणि एक लक्षात ठेवा. रिपोर्टमध्ये असा जंतू दिसला म्हणून माणूस वाळीत टाकायचा नसतो. कित्येकांच्या आतड्यात असे जंतू काही त्रास न देता राहतात. त्या माणसाला जेवू-खाऊ घाला, जवळ बसा. हात मात्र साबणाने धुवा.